शनिवारी मला मजा आली

नारायण पेठ, पुणे
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. अस्मिता हिस,
अनेक आशीर्वाद.

मायन्यात ‘सौ.’ लिहायची हाताची सवय अजून मोडलेली नाही. त्यात दोन कागद वाया गेले. हा तिसरा.

आम्ही दोघे बरे आहोत. ह्यांचं कानाचं यंत्र पुन्हा बिघडलंय, किंवा बिघडलेलंच ह्यांना सोयीचं आहे. कोपऱ्यावरच्या वाण्यानं पाटी बदलून ‘मार्ट’ केलं. तूरडाळीतले खडे मात्र तेच आहेत. थंडी पडली आहे, तू पहाटेची फिरायला जात असशील तर कानाला बांधत जा.

तू म्हणशील, खडकी ते नारायण पेठ असं काय अंतर, आणि ही बाई पत्र लिहिते. फोनवर मला जमत नाही गं. तू विचारतेस, “आई, आमोदच्या व्हायोलाचं काय ठरवलंत?” आणि मी कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवते. इतके कुकर मी अख्ख्या संसारात लावले नसतील.

तर, शनिवारच्या कार्यक्रमाबद्दल.

तू पास पाठवलेस, पण येईन असं मला शेवटपर्यंत वाटत नव्हतं. दोन हजार वीस साली तुमच्या वाद्यवृंदाचा हाच कार्यक्रम व्हायचा होता, तो लॉकडाऊननं गेला, आणि पुढच्या लाटेत आमोद गेला. तोच कार्यक्रम आता पुन्हा, त्याच रचना, त्याच क्रमानं. कोणी सुचवलं हे मी विचारलं नाही. ह्यांनी मात्र इस्त्रीचा सदरा काढला आणि म्हणाले, “चल. शेवटी पोराचाच कार्यक्रम आहे.” मग मी निघाले.

कॅम्पातलं ते सभागृह छान आहे, खुर्च्या मात्र शाळेच्या. सुरुवातीला तो उंच इंग्रज कंडक्टर बोलला. पहिल्या भागात त्याच्या देशातल्या विसरल्या गेलेल्या रचना आहेत, त्यातली एक कुणा बाईंनी लिहिलेली, पिढ्यानपिढ्या कपाटात पडून होती, वगैरे. हे माझ्या कानाशी म्हणाले, “एवढी वर्षं कोणी वाजवली नाही म्हणजे काहीतरी कारण असेलच ना?” कानाशी म्हणजे ह्यांच्या अंदाजानं. दोन रांगा हसल्या. पहिल्या रचनेचा एक भाग संपल्यावर ह्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मध्येच वाजवायच्या नसतात हे कळल्यावर “मग थांबता कशाला?” असंही विचारलं. तू व्हायोलिनच्या मागच्या रांगेतून मान खाली घालून हसलीस, ते मी पाहिलं.

मग त्या बाईंची रचना सुरू झाली. लॉकडाऊनभर आमोदनं दार लावून जिचा सराव केला, ती. मला ती पाठ आहे अशी माझी समजूत होती. पण सुरू झाली आणि मला काही म्हणजे काही ओळखीचं लागेना. मी घाबरले. वाटलं, बदलली असेल, किंवा मीच विसरले असेन.

मग हळूहळू उलगडलं. मी दाराबाहेरून ऐकायचे ती फक्त त्याची बाजू होती. चार सूर, मग थांबणं, मग पायानं ठेका आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजणं, मग परत चार सूर. शाळेत असताना त्यानं व्हायोला घेतला तेव्हा मी विचारलं होतं, हे व्हायोलिनच ना? “आई, हा त्याचा थोरला भाऊ. ह्याला कोणी विचारत नाही,” म्हणाला होता. शनिवारी सगळ्यांच्या खालून मला तो आवाज सापडला. वर बाकीचे काय सुंदर वाजवत होते, आणि मी आपली खालची ती एकच बाजू धरून बसले होते. आणि जिथे तो मोजत बसायचा, तिथे बासरी यायची. एकदा तर तुम्ही सगळेच एकदम आलात. तो गप्प असायचा तेव्हा त्याच्या डोक्यात एवढं सगळं वाजत असायचं, आणि मी नेमकी तेव्हाच हाक मारायचे, चहा झाला म्हणून.

त्याच्या खुर्चीवर तुमची ती सृष्टी होती. पोरगी जीव तोडून वाजवते. तिच्याकडे मागून आणलेला व्हायोला आहे, असं तू म्हणाली होतीस. मला त्यातलं कळत नाही, पण तिचा आवाज जरा पातळ वाटला. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते लिहिते. हसू नकोस, आणि ह्यांना सांगू नकोस.

आमोद गेल्यावर, तू खडकीला तुझ्या माहेरी जायच्या आधीच, मला तो ऐकू यायला लागला. संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, त्याच्या खोलीतून. तेच चार सूर, तोच ठेका, तेच मोजणं. भीती कधी वाटली नाही. मी भाजी चिरता चिरता थांबायचे, झालं की पुढे चिरायचे. ह्यांना एकदा विचारलं, काही ऐकू येतं का? ह्यांनी यंत्र हलवलं आणि “काय?” म्हणाले. परत विचारलं नाही. डॉक्टरकडे गेले नाही, कारण त्यांनी औषध दिलं असतं आणि ते लागू पडलं असतं.

म्हणून व्हायोला देत नव्हते. बाबांना आवडणार नाही, आठवण आहे, असं मी तुला सांगत आले. बाबा तर पहिल्या दिवसापासून म्हणताहेत, देऊन टाक. मला वाटायचं, व्हायोला ह्या घरातून गेला की खोली गप्प होईल.

मध्यंतरानंतरचं लिहायला हात कचरतो. तुमच्या त्या लोकप्रिय रचना. पहिलीच सुरू झाली आणि हे ओरडले, “अगं, ही तर बँकेची!” फोनवर आपल्याला ताटकळत ठेवतात तेव्हा वाजते ती. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. मग ती संथ, डोळे मिटून ऐकली. आणि शेवटची, झांजा आणि नगारे असलेली, तेव्हा सगळं सभागृह ठेक्यावर टाळ्या वाजवत होतं आणि मीही वाजवत होते. अस्मिता, मला मजा आली. खूप मजा आली. आणि तेवढ्या वेळात मला आमोद आठवला नाही. माझा मुलगा एकदाही मनात आला नाही.

कार्यक्रम संपल्यावर तू धावत बाहेर आलीस, हात केलास, आणि आमची रिक्षा निघाली. मी तुला पाहिलं होतं. माझ्या तोंडावरची ती मजा तुला दिसू नये म्हणून रिक्षावाल्याला चला म्हटलं. रागावू नकोस.

रविवारी संध्याकाळी मी दिवा लावला आणि वाट पाहिली. काही नाही. काल दारापाशी खुर्ची टाकून बसले. बासरी आठवते, तुमची व्हायोलिनं आठवतात, झांजासुद्धा आठवतात. त्याची जागा येते आणि तिथे काही वाजत नाही. मी एक दिवस मजा केली आणि तो गेला. हे काही खरं नाही हे मला कळतं. मी शिक्षिका होते, मुलांच्या डोक्यातली असली खुळं मीच काढायचे. पण वाटतं ते वाटतंच.

आज सकाळी खोलीत जाऊन पेटी उघडली. तारा सैल झाल्या आहेत. एक छेडून पाहिली. लाकडाच्या खोक्याचा आवाज आला, बाकी काही नाही. म्हणजे तो ह्यात कधी नव्हताच, मी उगाच राखण करत बसले.

तेव्हा व्हायोला घेऊन जा. सृष्टीला दे. तिला म्हणावं, सांभाळू नको, वाजव.

फक्त कोणाला पाठवू नकोस, तू ये. मला तुला एक विचारायचंय. आमोद गेल्यावर तू इथे असताना रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन बसायचीस, आणि मला वाटायचं, हिला बरं जमतं विसरायला. तुला तो ऐकू येत नव्हता ना? तू पहिल्या दिवसापासून ह्या शांततेत राहत होतीस, आणि मी भिंतीपलीकडे त्याला ऐकत आनंदात होते. एकदाही तुझ्यापाशी येऊन बसले नाही. त्या संध्याकाळी तू कशा काढल्यास, ते मला सांग. माझी आत्ता कुठे सुरुवात आहे, आणि ज्याला हे येतं असं दुसरं कोणी मला माहीत नाही.

आजवर तू दार वाजवलंस की मी तुझ्या मागे कोण आहे ते बघायचे. आता तसं होणार नाही.

वाट बघते, तुझी एकटीचीच.

कुसुम