मोजणीत उठायचं नाही

३ एप्रिल

पुन्हा फसले! दूध गॅसवर तसंच सोडून हॉलमध्ये धावले, फोन उचलला — नुसता डायल टोन. हे गॅलरीच्या दारात पोट धरून हसत उभे. "ऑपरेटरबाई, राँग नंबर!" म्हणे.

फोन वाजवत होती साळुंकी. हॉलच्या खिडकीवरच्या सज्ज्यावर बसते. डोक्यावरची पिसं झडलीत, म्हणून ह्यांनी नाव ठेवलंय टकली. आमच्या लँडलाइनची घंटा हुबेहूब काढते मेली. कधी दोनदा वाजवते आणि गप्प, कधी वाजवतच सुटते. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडले. तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा, हे हाडीमाशी भिनलेलं. आणि मला एक पाखरू बनवतं! दूध उतू गेलं ते वेगळंच.

६ एप्रिल

कोरोनाची बंदी आणखी वाढवली. ह्यांचा जन्म गेला टेलिफोनच्या खांबांवर, घरात कोंडलं की माणूस नुसता येरझाऱ्या घालतो. त्यातून ही नवी टूम — रोज सकाळी पावणेसात ते सात, मागच्या गॅलरीत दोन स्टुलं टाकून पक्ष्यांची मोजणी. नियम सगळे ह्यांचे. पक्षी दिसला तर वहीत बरोबरची खूण. नुसता ऐकू आला तर वर्तुळ, ऐकलेलाही धरायचा. आणि मुख्य म्हणजे, काहीही होवो, मोजणीत उठायचं नाही. उठलं की त्या दिवसाची मोजणी बाद.

"दारात यम आला तरी?" मी विचारलं.

"त्याला म्हणावं, सातनंतर ये."

७ एप्रिल

टकली मोजणीतच वाजली. उठले. मोजणी बाद. ह्यांनी वहीत मोठ्ठी फुली मारली आणि दिवसभर चिडवलं.

१२ एप्रिल

हे खोकतायत. म्हणे घशात काहीतरी अडकलंय. माझं अंग मोडून आलंय. दोघांचेही नमुने घेऊन गेले. मोजणीला मात्र दोघं बसलो. बुलबुल दोन, चिमण्या अकरा. कबुतरं मोजायची नाहीत असं ठरलंय, त्यांना काय तोटा!

१४ एप्रिल

घेऊन गेले ह्यांना.

खाली गाडीत चढताना वर बघून हात केला. मी गॅलरीतून. मला खाली यायची बंदी — माझाही रिपोर्ट तसलाच आलाय, फक्त सौम्य. पिशवीत सगळं भरलं आणि चार्जर टेबलावरच राहिला! धांदरट मी.

१५ एप्रिल

संध्याकाळी ह्यांचा फोन आला, मोबाइलवर. आवाज बरा वाटला. "ऑक्सिजन किती?" मी म्हटलं पंच्याण्णव. "मग पुरे. ते यंत्र बोटाला लावून श्वास मोजत बसू नकोस. पाखरं मोज. रोज. मी आलो की वही तपासणार."

खालच्या मजल्यावरची शिंपीण मला मावशी म्हणते. दोरीला पिशवी बांधून औषधं, भाजी वर पाठवते. तिच्याकडे ह्यांचा चार्जर दवाखान्यात पोचवायला दिला. दारावरच्या माणसाने ठेवून घेतला म्हणे. पुढे कुठे गेला देव जाणे.

१८ एप्रिल

फोन. आवाज पार खोल गेलाय. मास्कमधून बोलतात, अर्धं कळत नाही. एवढं मात्र स्पष्ट बोलले — "बॅटरी संपत आलीय. बंद पडला तर कुणालातरी सांगून फोन लावीन. तुझ्याशी बोलल्याशिवाय कुठे जातोय मी?"

खरं तर माझा मोबाइल नंबर ह्यांना कधीच पाठ नव्हता. पाठ आहे तो घरचा. स्वतः ओढलेल्या तारेचा.

१९ एप्रिल

फोन नाही. दवाखान्यात अठ्ठावीस वेळा लावला, तेव्हा कुणीतरी उचलला. "स्थिर आहेत."

२० एप्रिल

ऑक्सिजन चौऱ्याण्णव. मोजणी केली. चिमण्या नऊ, बुलबुल दोन, भारद्वाज एक (नुसता ऐकला). आणि टकली चार वेळा! चारही वर्तुळं, दिसली नाही एकदाही. पहिल्यांदा अंग उठलंच होतं माझं. स्टुलाची कड धरून बसून राहिले. नाही म्हणजे नाही उठले! ह्यांना सांगायचंय, ऑपरेटरबाई जिंकल्या.

२१ एप्रिल

काल सकाळी साडेनऊला गेले. दवाखान्यातून मोबाइलवर कळवलं.

९ मे

तोंड बघायला मिळालं नाही, ते समजू शकते. कुणालाच मिळालं नाही. पण एक फोन? उभा जन्म दुसऱ्यांच्या घरी फोन पोचवले या माणसाने. वादळात खांबावर चढला. आणि स्वतःच्या बायकोला एक फोन करता आला नाही? शब्द दिला होतात ना? मी रागावलेय तुमच्यावर. फोटोकडे पाठ करून जेवले.

३० मे

टकली अजून वाजते. आता उचलत नाही. उचलला की डायल टोन येतो. नाही उचलला तर कुणाचाही असू शकतो.

शिंपीण खालून ओरडली, "मावशी, तुमचा फोन वाजतोय केव्हाचा!" म्हटलं, वाजू दे बाई.

१७ जून

मोजणी चालू आहे. दुसरं स्टूलही टाकते. आत उचलून ठेवायला गेले तर हात धजेना.

आज फार विचित्र झालं. टकली समोर कठड्यावर, अगदी चार हातांवर बसलेली, चोच मिटलेली. आणि घंटा वाजली! आत धावले — लेकीचा फोन होता. "आई, किती धापा टाकतेस! लस घेतलीस का?" मोजणी बाद झाली. आजारानंतर तीन महिने थांबायला सांगितलंय म्हटलं. ते खरंच आहे. पण खरं कारण ते नाही. लस देतात ती ह्यांना नेलेल्या दवाखान्यात, तिथे माझ्याच्याने पाय टाकवणार नाही.

२ ऑगस्ट

लेक रडली फोनवर. "बाबांना येऊन बघता आलं नाही मला. आता तू तरी..." लस घ्यायला जाते म्हटलं.

११ ऑगस्ट

लस घेतली. शिंपीण सोबत होती, तिला बाहेरच थांबवलं. सुई टोचल्यावर अर्धा तास बसून राहा म्हणाले. हॉल भरलेला, खुर्च्या लांब लांब. घाबरं व्हायला लागलं. ह्याच इमारतीत कुठेतरी. मग ह्यांचं आठवलं — श्वास मोजू नकोस. खिडकीबाहेर एक झाड होतं. लसीच्या कागदाच्या पाठीवर खुणा करत बसले.

एक नर्स आली. "काकू, झाला तुमचा अर्धा तास. उठा."

"पाच मिनिटं थांब गं. मोजणी चालू आहे, उठायचं नाही."

ती वाकून कागदावरच्या खुणा बघू लागली. मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडे फोन वाजवणारी साळुंकी आहे का?"

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

ती शेजारी बसली. भडाभडा बोलली, बहुतेक तिच्याही मनात साचलं होतं. "काकांनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं होतं त्या साळुंकीचं. गेले त्या सकाळी म्हणाले, मोबाइल मेलाय, घरी एक नंबर लावून दे. नंबर घडाघडा म्हणून दाखवला. मी चार वेळा लावला, काकू. घंटा जात होती, उचलत नव्हतं कुणी. म्हटलं, झोपल्या असतील. तर घड्याळाकडे बघून हसले. म्हणाले, पावणेसात वाजून गेले ना, मोजणीला बसली असेल. उठायची नाही ती. बरोबर आहे तिचं. सातनंतर लाव."

"मग?"

"सातला माझी ड्यूटी संपली. पुढच्या मुलीला सांगून गेले होते. पण तोवर त्यांना आत हलवलं. दुसऱ्या दिवशी मीच आजारी पडले. नंबर लिहून ठेवला नव्हता, काकू. मला माफ करा."

तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. घरी कशी आले ते आठवत नाही. शिंपीण सारखी विचारत होती, मावशी, लस दुखते का?

१२ ऑगस्ट

वही काढली. वीस एप्रिल. टकलीपुढची चारही वर्तुळं खोडली. ती त्या दिवशी आलीच नव्हती.

हे होते.