चौदा नंबरची नक्षी

२९ नोव्हेंबर

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बेलरीव्हमधली संस्कृती संपली. नोंद असावी म्हणून लिहून ठेवते. कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आता सुटे मिळणार नाहीत. सहा-सहाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, घामेजलेले! मी म्हटलं, मला दोन द्या. दुकानदार म्हणाला, "मिस एनिड, दोनाची पिशवी येत नाही."

मी एकटी. वय छप्पन्न. सहा पावांचं मी करू काय — दत्तक घेऊ?

लहानपणी कागदात गुंडाळलेले गरम पाव छातीशी धरून यायचे मी. वाटेत प्रत्येक व्हरांड्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. एक जरी चुकला तर मी घरी पोचायच्या आत तक्रार आईपर्यंत पोचलेली असे. आज पिशवी लोंबकळवत आले. चाळीस घरांची आमची आळी, त्यातल्या अकरा व्हरांड्यांत माणसं उरली आहेत. बाकी दंतवैद्य, विमेवाले, एक नखं रंगवायचं दुकान आणि दोन बार. दंतवैद्याच्या पाटीला गुड मॉर्निंग कोण म्हणणार?

१ डिसेंबर

मिस्टर बोडूंच्या व्हरांड्यात बैठक. बोडू पूर्वी कस्टममध्ये होते. निवृत्त झाले तरी समोरच्याची बॅग उघडायला लावावी अशाच नजरेने बघतात. त्यांनी 'बेलरीव्ह वारसा समिती' काढली आहे. सभासद सात, त्यातले तिघे केकसाठी येतात.

विषय एकच. चौदा नंबर. म्हणजे माझ्या समोरचं, टांटी फिलोमेनचं घर. बारा नंबरच्या बारवाल्याला ते गाड्या लावायला हवंय — घर पाडून! टांटीची मुलगी शर्मेन विकायला तयार आहे म्हणे. पण सरकारच्या वारसा यादीत घराचं नाव चढलं, तर त्याला कुणालाच हात लावता येत नाही. विकतासुद्धा येत नाही परवानगीशिवाय. यादीवाल्या बाई अठ्ठावीस तारखेला तपासणीला येणार.

"घर वाचलं तर आळी वाचली," बोडू म्हणाले.

मी म्हटलं, "आणि तुमचं भाषणही."

हसले सगळे. मीही. पण घरी येताना चौदा नंबरकडे बघितलं आणि माझ्या फाटकाची कडी उगाच दोनदा लावली. 

५ डिसेंबर

रोज संध्याकाळी साडेसहाला टांटी व्हरांड्यात येऊन बसते आणि रस्त्यापलीकडून ओरडते, "एनी, दिवा लावलास का गं?" त्र्याऐंशी वर्षांची आहे. सगळ्या आळीची टांटी, म्हणजे मावशीच. मला 'एनी' म्हणणारं जगात आता एवढं एकच तोंड उरलंय.

तिच्या वडिलांनी बांधलेलं घर. सुतार होते. छपराच्या कडेला, दारांवर, आतल्या भिंतींच्या वरच्या जाळीवर, सगळीकडे त्यांच्या हातची नक्षी. तीन पानं, मधलं किंचित वाकडं. चुकून नव्हे हं! ती त्यांची सही. शाळेत असताना मला वाटायचं, वाऱ्याने वाकलंय ते.

तो दिवा तिथे लागला नाही, तर माझा लावून तरी काय?

९ डिसेंबर

पाव: उरलेले चार. आता विटेसारखे. बोडूंच्या समितीला पायाभरणीसाठी देते.

१४ डिसेंबर

नाताळ अकरा दिवसांवर, म्हणजे सगळ्यांनी घरं उलटीपालटी करायला घेतलीत. घासणं, खरवडणं, रंगवणं, जुनं फेकणं. नाताळच्या दिवशी ज्याच्या घरात ओल्या रंगाचा वास येत नाही त्याचं काहीतरी बिनसलंय, अशी आमच्याकडे समजूत. टांटीला आता जमत नाही. तीन वर्षं चौदा नंबरला ब्रश लागलेला नाही.

आज बोडू म्हणाले, "सरकारी बाई येणार आणि घर असं? अब्रू जाईल आळीची."

सेल्विन सुतार म्हणाला, "माझी मजुरी धरू नका. नाताळची भेट समजा टांटीला."

कुणी पत्रे देतंय, कुणी खिळे. रंग कुठला, यावर पाऊण तास भांडण. शेवटी माझं ऐकलं — फिका पिवळा. आईच्या काळात होता तसा.

आळीने मिळून काही करावं याला किती वर्षं झाली! घरी येऊन चक्क गुणगुणले. शेजारचा कुत्रा भुंकला.

२१ डिसेंबर

चौदा नंबरवर दिवसभर नऊ माणसं. मी खरवडत होते. जुन्या रंगाचे थर निघत होते: पांढरा, हिरवा, पांढरा, एक गुलाबी. सेल्विन शिडीवरून ओरडला, "मिस एनिड, तुमच्या जिभेने खरवडा, लवकर होईल!"

झडपांच्या खिडक्या गेल्या, काचेच्या पट्ट्या आल्या. छपराची नक्षी वाळवीने पोखरलेली. सेल्विनने हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणली. मशीनवर कापलेली, एकसारखी, वाकडं पान एकही नाही. आतली जाळीसुद्धा बदलली. टांटी आवळ्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बघत बसली होती. मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"स्वच्छ," ती म्हणाली.

मी ते कौतुक समजले.

२४ डिसेंबर

हॅम! दर नाताळला सगळ्या आळीचा हॅम एकाच अंगणात, रॉकेलच्या डब्यात, लाकडावर उकळायचा. मध्ये सहा वर्षं बंद होतं, जो तो आपापल्या गॅसवर. आज पुन्हा, टांटीच्या अंगणात. दुपारी दोनला चूल पेटली. लवंगेचा वास पार दंतवैद्यापर्यंत. त्याने दवाखाना बंद करून ताटली घेऊन यावं म्हणजे काय ते समजा.

जळण भरपूर होतं. घरातून काढलेलं सगळं जुनं लाकूड सेल्विनने चुलीशी रचून ठेवलेलं. सुकं देवदार, काय धडधडून जळलं! टांटी स्वतः काठीने एकेक तुकडा आत सारत होती.

मी तीन काप खाल्ले. शपथेवर सांगते, तीस वर्षांत असा हॅम झालेला नाही.

२५ डिसेंबर

चर्चमधून आल्यावर आळीच्या या टोकाला शिरले ती संध्याकाळी त्या टोकाला बाहेर पडले. अकरा घरं. काळा केक अकरा वेळा, आल्याचं पेय नऊ वेळा, सोरेलचं लाल सरबत मोजलं नाही. बोडूंनी गिटार काढली. ती त्यांनी काढू नये.

लहानपणी ही घरं चाळीस होती आणि आई बरोबर असायची. तिचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात केकची ताटली. आज चौदा नंबरच्या पायऱ्यांवर, नव्या रंगाच्या वासात, क्षणभर वाटलं की मागे वळले तर ती दिसेल.

वळले नाही. शहाणपणा असतो कधीकधी.

२८ डिसेंबर

तपासणी. मिस अचोंग, वय तिशीचं, हातात वही, पायात चांगले मजबूत बूट. सगळी आळी इस्त्रीचे कपडे घालून फाटकाशी उभी. बोडूंनी टाय लावला होता.

तिने घराला एक फेरी मारली. दुसरी मारली. मग विचारलं, "मूळ काम कुठे आहे?"

"हेच की!" बोडू म्हणाले. "बघा, कसं नव्यासारखं ठेवलंय."

"नव्यासारखं नाही, नवंच आहे हे. मी ऑगस्टमधले फोटो बघून आले. हाताची नक्षी होती, झडपा होत्या. त्या कुठायत?"

 सेल्विन टोपी फिरवत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "मिस, ते आम्ही जाळलं."

"जाळलं? का?"

"हॅम उकळायला."

तिने वही मिटली. हसू आवरत होती की रडू, मला नक्की कळलं नाही. पोरगी वाईट नाही. ती म्हणाली, सांगाडा जुना आहे, छपराचा उतारही जुना. पण यादीत नाव चढतं ते हाताच्या कामामुळे. त्या सुताराच्या हातचा एक तरी अस्सल तुकडा दाखवा. मग त्यावरून बाकीचं पुन्हा घडवता येईल. "पंधरा जानेवारी, दुपारी चारपर्यंत फाइल उघडी ठेवते. त्यानंतर बंद. मग मालकीणबाई घर विकायला मोकळ्या."

ती गेल्यावर बोडूंनी टाय सोडला आणि चुलीतली राख चाळायला बसले. कस्टममधली सवय.

२९ डिसेंबर

हॅमचा शेवटचा तुकडा फ्रिजमध्ये आहे. गिळवत नाही.

३१ डिसेंबर

दुपारी टांटीकडे गेले. रस्त्यापलीकडून ओरडून नाही — पायऱ्या चढून, आत. तिला धीर द्यायचा होता. म्हटलं, "टांटी, तुकडा शोधतोय आम्ही. तुला इथून कुणी हलवणार नाही."

ती वाटाणे सोलत होती. सोलतच राहिली.

"एनी, तुमच्या त्या समितीत केक कोण करतं गं?"

"मिसेस बोडू."

"चांगला करते. बैठका किती झाल्या?"

"आठ."

"आठ. आणि मला एकदा तरी कुणी विचारलंत?"

मी तिच्यासमोरची एक शेंग उचलली आणि सोलायला लागले.  

"गुडघे गेलेत माझे," ती म्हणाली. "संडास अंगणापलीकडे. पावसात छत्री धरू, काठी धरू की घागरा धरू? शर्मेनच्या इमारतीत खालचीच एक जागा रिकामी आहे. आत न्हाणीघर, गरम पाणी. हे घर विकलं तरच ती मिळेल. तुम्ही म्हणता वारसा. वारशाला रात्री उठावं लागत नाही, बाळ."

"मग आधी का नाही बोललीस?"

"नऊ माणसं रंगाचे डबे घेऊन दारात उभी राहिली. हसत होती सगळी. तूही. कसं बोलू?" मग हळूच म्हणाली, "बाबांची नक्षी मी मुद्दाम सारली चुलीत. टांगून ठेवून परक्यांनी बघण्यापेक्षा तुम्ही जेवलात, ते बरं."

घरी आले. साडेसहाला तिने विचारलं, "दिवा लावलास का?" मी 'हो' म्हटलं. मग उठून लावला.

४ जानेवारी

आज टांटीच्या कपाटाची आवराआवर करू लागले. जुन्या गोष्टी निघाल्या. माझे वडील गेले तेव्हा रात्रभर जागायला सगळी आळी आमच्याकडे आली होती, बसायला खुर्च्या नव्हत्या. आईने टांटीकडून सहा नेल्या. "पाच परत आल्या," टांटी म्हणाली. "त्या पुढे वाळवीने खाल्ल्या. सहावी तुझ्या आईकडेच राहिली. मयत झालेल्या घरातून खुर्ची मागू नये. मग मी विसरले."

मी विसरले नाही. कारण मला माहीतच नव्हतं.

घरी येऊन स्वयंपाकघरातली खुर्ची उलटी केली. आईने दर नाताळला रंगवलेली. तिच्यामागे मीही रंगवत राहिले. पाठीवर नुसता उंचवटा दिसतो, रंगाखाली बुजलेला. सुरीने खरवडलं. पांढरा, निळा, पांढरा, हिरवा. मग लाकूड.

तीन पानं. मधलं वाकडं.

६ जानेवारी

बोडू फाटकाशी. राख चाळून चाळून हात काळे, चेहरा दहा वर्षांनी म्हातारा. "मिस एनिड, एक तुकडा हो. बोटाएवढा. तुमच्याकडे जुनं इतकं काय काय असतं."

"बघते," म्हटलं.

"तुम्ही बघताय म्हणजे मिळेल!"

दार लावलं. खुर्चीवर बसले. दुसरी कुठली होती बसायला?

१० जानेवारी

समजा, दाखवली. चौदा नंबर वाचतं. रोज साडेसहाला समोर दिवा. 'एनी' म्हणणारं तोंड तिथेच, माझ्या डोळ्यांसमोर. आणि ते तोंड पावसात छत्री धरून अंगण ओलांडतंय.

समजा, नाही दाखवली. समोर गाड्या.

पाव आणले नाहीत. भूक नाही.

१३ जानेवारी

मिस अचोंगचा फोन नंबर स्वयंपाकघरातल्या पाटीवर खडूने लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. आईचा राग आला. एक खुर्ची परत करता आली नाही बाईला!

१५ जानेवारी

दुपारी तीनला खुर्ची उचलून रस्ता ओलांडला. बोडू त्यांच्या व्हरांड्यात डुलकी काढत होते. मी गुड आफ्टरनून म्हटलं नाही.

टांटीने पाठीवरून हात फिरवला. बोट मधल्या पानाशी थांबलं. 

"हे त्या सरकारी पोरीला दाखवलंस?"

"कुठल्या पोरीला?" मी म्हटलं.

ती खुर्चीत बसली. मी तिच्या कपबशा कागदात गुंडाळू लागले. चार वाजले तेव्हा सातवी बशी हातात होती.