बिनउंबरठ्याचं घर

४ मे, अकोट

पोचले एकदाची! अमरावतीहून एसटीनं येता येता माझं वांग्याचं भरीत झालं होतं, पण घर दिसलं आणि जीव गार झाला. माझं घर. म्हणजे राहणार त्यात उत्तमरावकाका आणि माणिकबाईकाकू, पण कागदावरच्या पहिल्या रेघेपासून ते माझंच. त्यांचा मुलगा जीवन पुण्यात असतो. काम देताना त्यानं एकच अट घातली होती: आईबाबा कितीही म्हातारे झाले तरी या घरात त्यांना कुणाचा हात धरावा लागता कामा नये.

तसंच केलंय. सगळ्या खोल्या तळमजल्यावर. दारं एवढी रुंद की चाकाची खुर्ची सहज वळते. भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी कठडा, न्हाणीत खरखरीत फरशी, दारांच्या मुठी कोपरानंही दाबता येतील अशा. आणि अख्ख्या घरात एकही उंबरठा नाही. आमची आजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली ती परत उठलीच नाही. तेव्हापासून उंबरठा या वस्तूशी माझं हाडवैर आहे.

काकांच्या संत्र्याच्या बागा आहेत, पण हात आखडता. याच जागेवरचं जुनं घर पाडलं तेव्हा मागच्या खोलीचं दार त्यांनी जपून ठेवलं. मेळघाटातला सागवान हाय पोरी, असा आता कुठी भेटते, म्हणाले. मलाही ते दार बघताक्षणी आवडलं होतं. त्यांच्या निजायच्या खोलीला तेच बसवलंय. बाहेरच्या बाजूला अगदी वर मनगटाएवढी जाड लोखंडी कडी आहे. काकू म्हणत होत्या, ते कडी कापून टाका. मी म्हटलं, राहू द्या हो, शोभेला किती छान दिसते.

धुणीभांडी करणारी चंदा दुपारी निघताना पडवीत दाराशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. चिमण्यांसाठी असणार. या उन्हात एवढं कोण करतं!

६ मे

माझी कामाची एक रीत आहे. घर बांधून झालं की काही दिवस मी त्यात म्हातारी होऊन राहते. गुडघ्यांना फडकी आवळायची, चष्म्याच्या काचांना खोबरेल फासायचं, हातात जाड मोजे घालायचे आणि मग चहा करून बघायचा. आज माझा तो अवतार पाहून काका हसून हसून बेजार झाले. अपेक्षा पोरी, तू तं माह्याहून म्हातारी झाली, म्हणाले.

खुर्चीत बसून सगळं हाताशी येत होतं. शेवटी माणूस पडलंच तर काय, हे बघायला मी खोल्यांमधल्या बोळात आडवी झाले आणि कोपरांवर सरपटत निघाले. कठड्याला हात पुरेना, चार बोटं कमी पडली. खाली आणखी एक कठडा हवा, असं मनात आलं. मग वाटलं, एवढं सगळं केल्यावर या घरात पडणार कोण?

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांच्या हातातलं ताट खण्णकन पडलं. उठ, उठ आधी, असं सरपटू नोको, म्हणून त्या किंचाळल्या. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मी चेष्टा करतेय असं वाटून चिडल्या असतील, म्हणून मी माफीही मागितली.

संध्याकाळी मात्र त्यांनी हट्टच धरला. आमच्या खोलीले उंबरठा पायजेच. मी समजावलं, काकू, चाक अडेल, पाय अडेल. त्या म्हणाल्या, अडलंच पायजे. आता या बाईला काय सांगणार? अक्षय तृतीयेला वास्तुशांती झाली, तेव्हा पितरांची घागरसुद्धा यांनी घरात भरली नाही, लांब बागेतल्या विहिरीजवळ ठेवून आल्या. माझं काम बिघडवायला मी देणार नाही.

८ मे

रंगाऱ्याला फोन करून चांगलं झापलं. नव्या पांढऱ्या भिंतीवर तेलकट पट्टा उमटलाय. जुन्या घरांत म्हातारी माणसं वर्षानुवर्षं हात टेकत जातात तिथं पडतो ना, तसा. कठडा सोडून पार खाली, फरशीपासून वीतभर वर. आणि एकाच जागी नाही, मुख्य दारापासून थेट काका-काकूंच्या खोलीपर्यंत.

माझ्याच खोबरेलाचा असेल म्हणून सोडा लावून घासून काढला. पण मी काही एवढी लांब सरपटले नव्हते, आणि हातात मोजे होते. दुपारी पट्टा परत आला होता. रंग हलका लावला असन, काका म्हणाले. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

९ मे

आज चंदाला धरून बसवलंच. बाई माझ्याहून थोडीच मोठी, पण गुडघे पार गेलेत, पाय घासत भिंत धरून चालते. मी तिला पट्ट्याचं विचारलं. तिनं आधी मागं वळून खोलीकडं पाहिलं, मग हळू आवाजात सगळं सांगितलं. तो तांब्या चिमण्यांसाठी नाही.

काकांची आई जमुनाबाई. पाय गेल्यावर ती सरपटत ओसरीवर यायची, पाहुण्यांसमोरही. काकूंना लाज वाटायची. म्हणून म्हातारीला मागच्या खोलीत ठेवलं. हातभर उंच उंबरठा आणि बाहेरून वरची कडी. तीच कडी, तेच दार. एका मे महिन्यात दोघं थंड हवा खायला चिखलदऱ्याला गेले. चंदाला बजावून गेले की भाकर खिडकीतून दे, दार उघडलं तर काम गेलं समज. म्हातारीच्या हातून पाण्याचं भांडं लवंडलं. ती दाराशी येऊन पाणी मागत राहिली. तांब्या खिडकीच्या गजांतून जाईना, तेव्हा चंदानं तो दाराबाहेर ठेवला आणि म्हणाली, आजी, पानी ठेवलं हो. कडी काही काढली नाही. गल्लीनं हाका ऐकल्या, पण दुसऱ्याच्या घरात कोण पडतं? काका-काकू परत आल्यावर गावात सांगितलं की आई उन्हानं गेली.

त्याच वर्षी चंदाचे गुडघे गेले. दर मे महिन्यात दुपारची तीच हाक येते; जुनं घर पाडल्यापासून मुख्य दाराशी. चंदा तांब्या ठेवते, तेच वाक्य म्हणते आणि मागं न बघता निघून जाते. ज्यानं आयकलं अन् उघडलं नाई, त्याचे पाय नेते ते, म्हणाली. अन् मालकाची तं ते वाटच पाहून राहिली. जित्तेपणी उंबरठा वलांडता आला नाई, मेल्यावरबी नाई. आता तुमी तो काढून टाकला, ताई.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. आमच्या आजीचं दुखणं काढताना आईनं रात्रीचा दिवस केला, आणि ही माणसं चिखलदऱ्याला गेली!

१० मे

काकूंनी परस्पर सुताराला बोलावलं होतं, उंबरठ्याच्या लाकडासकट. मी त्याला दारातूनच परत पाठवला. काकूंनी उंबरठ्याच्या पूजेसाठी आणलेलं हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि माझे हात धरले. माह्यावर दया कर, म्हणाल्या. तुम्ही केली होती का, मी विचारलं. त्या खाली बसल्या.

काकांनाही तोंडावर विचारलं. आमरसाची वाटी संपवून म्हणाले, म्हातारीचं वय झालं होतं, आमी का मारलं का तिले? ती वाटी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. यांच्यासाठी मी खरखरीत फरशा निवडल्या. यांचे पाय घसरू नयेत म्हणून!

येऊ दे तिला. घर खऱ्या मालकिणीच्या, जमुनाबाईंच्या सोयीचं झालंय. मी उंबरठा बसवणार नाही, पट्टाही पुसणार नाही. उद्या सामान आवरून परवा दुपारची गाडी धरेन, मग यांचं हे बघून घेतील.

११ मे

पट्टा खोलीत शिरलाय. पलंगाच्या पायापर्यंत.

दाराच्या आतल्या अंगाला, खालच्या फळीवर ओरखडे. सुतारानं त्यावर रंधा मारला होता, मी स्वतः उभी होते तिथं. काकू पलंगावरून पाय खाली सोडत नाहीत. काका चिडलेत.

भीती वाटते आता. पण राग उतरत नाही.

१२ मे, दुपार

वीज गेली. बाहेर झळा. मुख्य दार सारखं आपटत होतं, म्हणून वरची खिट्टी लावून टाकली. काका-काकू जेवून आत झोपलेत. मी बॅग भरतेय.

—

त्यांच्या दाराची कडी लागलीय. बाहेरून. मी लावली नाही. देवाशपथ मी नाही.

काका दार ठोकताहेत. पोरी, कडी काढ. काकू पाणी मागताहेत. दोघांचे फोन बाहेर, बैठकीत. खिडकीला गज, मीच बसवलेले.

काढते. काढणारच आहे. पण जरा बसू दे. जरा कळू दे कसं वाटतं. मी माठातलं पाणी प्यायले, सावकाश, तिथंच बसून, त्यांना पेल्याचा आवाज जाईल असं.

काकू म्हणाल्या, आई, चुकलं. मला नाही. खोलीत कुणाला तरी.

आता आवाज नाही.

—

उठायला गेले आणि पाय

पाय आहेत. दिसताहेत. चिमटा काढला, कळत नाही.

कोपरांवर दारापर्यंत आले. कठडा चार बोटं वर. कडी तर कुठल्या कुठं. झाडूच्या दांड्यानं ढोसली, हलत नाही. आत फरशीवर काहीतरी सरकतंय. पलंगाकडं. काकू, उघडते हो, उघडते, मी ओरडतेय, खरंच उघडते —

काकू किंचाळल्या. मग काका. मग नाही.

माझा फोन ओट्यावर. हात पुरत नाही. या घरात खाली पडलेल्या माणसासाठी मी काहीच केलं नाही. काहीच नाही.

—

मुख्य दाराशी आले. मूठ दाबली जाते, पण खिट्टी वर. मीच लावली. डावा हात भिंतीला टेकलाय, त्या पट्ट्यावर, बरोब्बर तेवढ्याच उंचीवर.

मागं काका-काकूंच्या खोलीचं दार वाजलं. कडी पडल्यासारखं. वळून बघणार नाही. वहीत बघतेय.

पडवीत कोणीतरी. पाय घासत. चंदा!

हाक मारली. दार ढकल चंदा, लोकांना बोलाव, पाणी दे — हा आवाज माझा नाही. फाटका, म्हातारा. घसा माझा आणि आवाज

ती थांबली. ऐकतेय. दारापलीकडं तिचा श्वास ऐकू येतोय. चंदा, जाऊ नको, या वेळी उघड, एकदा —

तांब्या टेकल्याचा आवाज.

आजी, पानी ठेवलं हो.

पाय घासत निघाली. चंदा मी आजी नाही मी अपे