बरणीतल्या छत्र्या

सोनपेठ, श्रावण शु. ४, शके १८५९

चि. सौ. भागम्मा हिस चन्नबसम्माचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाळ गेल्यापासून तू पहिल्यांदाच दोन पानं भरून लिहिलंस. आईनं ती परत परत वाचून घेतली. जावईबापू रेवणसिद्धरावांनी दुकानातली काचेची बरणी रिकामी करून दिली, तू तिच्यात विहिरीकडचं शेवाळ अन् नेचे लावलेस, हे ऐकून लय बरं वाटलं. आपल्या घराण्यात काचेत बाग लावणारी तूच पहिली!

पण शोभेला म्हणून बाभळीखाली उगवलेल्या पांढऱ्या छत्र्या आणून रोवल्यास, ते मला पसंत नाही. रानातली कोणती छत्री विषारी, ते जाणत्यांनाही चकवतं. ठेवायचीच तर बरणी स्वयंपाकघरापासून लांब ठेव, हात लावलास की धू, अन् घरात सगळ्यांना सांगून ठेव. सासूबाईंनी अजून अबोलाच धरलाय का? त्यांना माझा शरणार्थ.

माया आहेच, ती पत्रात काय मागायची?
तुझी अक्का

परभणी, श्रावण व. २

ती. सौ. अक्कास भागम्माचा शि. सा. न. वि. वि.

बरणी ओसरीवर नेली, पण सासूबाईंना सांगणं राहिलं. बोलणंच नव्हतं, तर सांगू कशी?

आज सकाळी मी पडून होते. सासूबाई कालवणाची वाटी घेऊन आल्या अन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, तुझ्या अंगात ताकदच न्हाई, आमच्या माहेरी बाळंतिणीला अळंबीचं कालवण देतेत, खा. मी वाटीत पाहिलं अन् ओसरीवर धावले. बरणीत नव्यानं उगवलेली एकही छत्री उरली नव्हती. मीठ बघायला त्यांनी दोन घास आधीच खाल्ले होते. चांदीची पळी बुडवून पाहिली, काळी पडली न्हाई, मग भ्यायचं कशाला, असं मलाच समजवायला लागल्या.

थोड्या वेळानं उलट्या सुरू झाल्या. हे दुकानात होते. अक्का, गावात एकटी कधी न फिरलेली मी रस्त्यावर जाऊन टांगा थांबवला अन् उरलेलं कालवण सोबत घेऊन त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चांदीची परीक्षा निव्वळ खोटी. नुसत्या हात लागण्यानं सहसा काही होत नाही, पोटात जाणं वाईट. काही छत्र्यांचं विष उशिरा उठतं, म्हणून ठेवून घेतलंय. मी त्यांच्या उशाशी बसून लिहायलेय. त्यांनी माझा हात सोडलेला नाही.

भागम्मा

सोनपेठ, श्रावण व. ४

चि. सौ. भागम्मा हिस अ. उ. आ. वि. वि.

आई सकाळपासून महादेवासमोर बसून हाय. तू स्वतःला दोष देत बसू नको. न बोलणारी बाई तुझ्यासाठी चुलीपुढं बसली, एवढं मात्र ध्यानात ठेव. इथं आलेले चुडाव्याचे मामा आज गाडीनं तिकडं यायलेत, परतताना त्यांच्याबरोबर दोन ओळी तरी धाड. जीव टांगणीला लागलाय.

अक्का

परभणी, श्रावण व. ७

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सासूबाई काल घरी आल्या. आज भात जेवल्या अन् त्यात मीठ कमी म्हणून मला बोलल्याही! बरणीतली माती दूर खड्ड्यात पुरली, काच राखेनं घासली. नवी माती भरताना त्या शेजारी बसल्या होत्या. आता नुसते नेचे लावलेत.

तिथंच त्यांनी सांगितलं. हे जन्मायच्या आधी त्यांच्या दोन लेकी बारसं न होताच गेल्या. रडायचं न्हाई, असं घरच्यांनी बजावलं होतं. माझं बाळ गेलं तेव्हा तोंड उघडलं तर हंबरडाच फुटंल, म्हणून त्या गप्प राहिल्या. मी तो राग समजत होते. मग म्हणाल्या, मी त्यांची नावं मनातल्या मनात ठेवली होती, गिरिजा अन् पारू. तू काय ठेवलंस?

अक्का, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आता तुलाही सांगते. माझ्या लेकीचं नाव नीलम्मा.

आईलाही सांग. तुम्हा दोघींच्या मायेतली,
भागम्मा