पाळण्याची दोरी कोणी नेली?

॥ श्री ॥
कोपरी, ठाणे पूर्व
मंगळवार, ता. ६ जानेवारी २०२६

सौ. शीलाविहीणबाईंना सुमतीचा नमस्कार. वि. वि.

घरात फोन असून कागद काळा करते म्हणून हसू नका. फोनवर बोलले की सान्वी कान टवकारून बसते. तिला अजून वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी संदेशच्या हाती देतेय. शाळा तिसरीपर्यंतची, चुका पोटात घाला.

नातू झाला, कोपरीभर पेढे वाटले. भाजीवालीलासुद्धा दिला, तरी मेलीने मेथीची जुडी बारीकच दिली! असो. बारशाला धाडायचा पाळणा काढला तर दोरी गायब. नवी मिळेल हो, पण त्या दोरीने संदेश झोपलाय, सान्वी झोपलीय. माझा संशय शेजारच्या शेवंतीवर. मागल्या महिन्यात तिने तिच्या नातीच्या बारशाला हाच पाळणा नेलेला. विचारलं तर म्हणते, दोरी काय सोन्याची आहे? चोर असाच बोलतो.

रसिकाला डिंकाचा लाडू खायला लावा. माया आहेच, पातळ होऊ देऊ नका.
सुमती

डोंबिवली
गुरुवार, ता. ८

सुमतीविहीणबाईंना सा. न. वि. वि.

शेवंतीबाईंना सोडा. सान्वीने काल फोनवर आईला विचारलं, बारसं नाही केलं तर चालेल का? तेव्हापासून रसिका रडतेय. पोरगी भावावर जळते, दोरी तिनेच लपवली, असं तिच्या मनाने घेतलंय. म्हणते, सान्वीला बारशाला आणूच नका, बाळाजवळ तर नकोच. मला पटत नाही, पण ओल्या बाळंतिणीशी वाद कोण घालणार? तुम्हीच छडा लावा. आणि बारशादिवशी सान्वीला शेवंतीबाईंकडे ठेवणार असाल, तर आधी भांडण मिटवा!

तुमच्या आधाराची,
शीला

कोपरी
शुक्रवार, ता. ९

शीलाविहीणबाई, नमस्कार.

दोरी सापडली! तांदळाच्या डब्यात. सान्वीला मांडीवर घेऊन गोडीगुलाबीने विचारलं. शेवंतीच्या नातीच्या बारशाला बायका बाळ पाळण्याच्या वरून-खालून देत म्हणत होत्या ना, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या? दुसऱ्या दिवशी सान्वी पाहते तर बाळ नाही! अहो, लेक बाळाला घेऊन सासरी कळव्याला गेलेली. हिला वाटलं, कोणीतरी घेतलंच. दोरी नसेल तर पाळणा नाही, पाळणा नसेल तर आपलं बाळ कोण मागणार!

मला हसू आवरेना आणि डोळेही. शेवंतीकडे गेले मान खाली घालून. म्हणाली, आता सोन्याच्या दोरीचा चहा पाज.

रसिकाला सांगा, पोर जळत नाही गं, राखण करतेय. मी तिला आणतेय. रागवायचं असेल तर मला रागवा.
सुमती

डोंबिवली
मंगळवार, ता. १३

सुमतीविहीणबाईंना सा. न. वि. वि.

बारशाहून तुम्ही लवकर निघालात, पुढची मजा हुकली. गोविंद घ्या म्हटल्यावर सान्वी कशी ओरडली, मीच घेते, बाकी कोणी हात लावू नका, ते तुम्ही पाहिलंतच. रसिकाने तिला जवळ ओढलं, तेव्हापासून मायलेकी सुटत नाहीत. पण तुम्ही गेल्यावर सान्वी दारात उभी राहिली आणि जाणाऱ्या एकेकीची पिशवी उघडून बघितली, तिचा भाऊ अद्वय त्यात नाही ना! माझ्या जाऊबाईंनी तर पर्ससुद्धा मुकाट्याने उघडली.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. रसिका बाळाला डॉक्टरकडे घेऊन गेलीय, आणि दोघं परत येईपर्यंत माझा चष्मा सान्वीकडे तारण आहे.

तुमची,
शीला