खिळ्यावरचा नान

सिग्ने,

मी आईला घेऊन मावशीकडे जातेय. चहा किटलीत आहे.

काल तू सूपमध्ये बुडवून खाल्लास तो वाळका नान उरलेला नव्हता गं. उरलेला नान कुणी खिळ्याला टांगतं का? घरातलं माणूस लांब निघालं की नानचा एक घास खाऊन जातं, बाकीचा ते परत येईपर्यंत जपायचा असतो. माझ्या भावाला, सनजरला, पोलीस चौकशीला घेऊन चालले होते, तेव्हा आईने दारातच त्याला घास घ्यायला लावला. तो अजून आलेला नाही. इंटर्नशिप म्हणून आमच्या या ओश शहरभर बेपत्ता माणसांच्या घरी विचारत हिंडतेस, आमच्याच घरी तेवढं विचारायचं राहिलं तुझं.

मी दुसरा नान चावून तिथे टांगला होता. आईने दातांच्या खुणेवरून बोट फिरवलं आणि तिला कळलं. मला मात्र तुला काही बोलू देईना. म्हणाली, पाहुणी आहे, भूक लागली असेल पोरीला.

झाकून ठेवलेल्या तळलेल्या पोळ्या खा. त्या आम्ही वारलेल्या माणसासाठी तळतो, तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणून. सनजरसाठी आईने आज पहिल्यांदाच कढई ठेवली.

नोदिरा