सोमवारचा फोन

सोमवार, ३ नोव्हेंबर

बाबा आजही बोलले नाहीत. अकरा महिने झाले! आईनं फोन उचलला, मागे टीव्ही चालू. म्हटलं, "बाबांना दे ना." म्हणाली, "झोपलेत." सकाळी अकरा वाजता! आणि झोपलेला माणूस चॅनल बदलतो कसा?

इथे कोल्हापुरात मिशनवर सोमवार म्हणजे कपडे धुणं, बाजार आणि घरी फोन. बाकी सहा दिवस सेवा आणि सभा. कुणी जबरदस्ती केलेली नाही, मीच निवडलंय हे. पुण्यात डिप्लोमा करताना मॉर्मन चर्चमध्ये जायला लागलो, बाप्तिस्मा घेतला, मग दोन वर्षं सेवेला द्यायची म्हणून लागलेली नोकरी सोडली. आईला सगळं वेळच्या वेळी सांगितलं. बाबांना सांगितलं ते बॅग भरून झाल्यावर. ते शिलाई मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "लग्नाची पत्रिका द्यायला आल्यासारखं सांगतोस?" त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

फोन ठेवला की खालून घरमालकीण हिराबाई मावशींचा आवाज येतोच. "बाप बोलला का रं?"

"नाही, मावशी."

"कसला दगड माणूस म्हणायचा!"

बाबांना कुणी दगड म्हटलं की राग येतो. आणि बरंही वाटतं. काय करू?

बुधवार, ५ नोव्हेंबर

आमच्या मावशींबद्दल लिहायचंच राहिलं. सत्तरीच्या, लिंगायत, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, एकट्याच असतात. गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आम्ही वरच्या खोलीत राहायला आलो त्या दिवशी चहा घेऊन आल्या. चर्चच्या नियमानं आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य! नको म्हटल्यावर कपाळावर हात मारला — "चा न्हाय, कापी न्हाय, मग जगतासा कशावर?" तेव्हापासून रोज संध्याकाळी म्हशीच्या दुधाचे दोन मोठे पेले वर येतात. साय सोडली तर शिव्या.

माझा जोडीदार एल्डर कोंडेटी राजमुंद्रीचा. (मिशनवरच्या प्रत्येक मुलाला आमच्यात एल्डर म्हणतात.) आम्ही सगळीकडे जोडीनं जायचं असा नियम आहे, त्यामुळे शिव्याही जोडीनं खातो. दुधानं पोट सुटून पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय त्याला. मराठी शिकला तीही मावशींकडून. परवा चर्चच्या सभेत सगळ्यांसमोर ठणकावून म्हणाला, "व्हय की!" बारा माणसांची सभा, सगळी हसून बेजार.

धर्माचं पहिल्याच दिवशी मिटलंय. मावशी म्हणाल्या, "आमच्यात देवाचं सांगाय जंगम येतोय दारात, तसलंच तुमी. मला शिकवाय येऊ नगासा. जेवाय या."

शनिवार, ८ नोव्हेंबर

वृद्धाश्रमात अडतीस चादरी धुतल्या. पाठ गेली. कोंडेटी तेलुगूत कण्हतोय, मी मराठीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

नाही. "दगड!" — मावशी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आमच्या चर्चमध्ये पूर्वजांना फार मान. प्रत्येकानं आपली वंशावळ लिहून काढायची. मावशी म्हणाल्या, "माजी बी लिव की." बसलो कागद घेऊन. नवरा गुरुसिद्ध (त्यांना सगळे अप्पा म्हणत), सासरे शिवलिंग, त्यांचे वडील बसाप्पा. पुढे अडल्या. "त्येच्या फुडचं हेळवी सांगंल. दोन-तीन वर्सांनी येतोय. ह्या सुगीला यायला पायजे."

हेळवी म्हणजे घरोघर फिरून वंशावळ सांगणारे, वहीत राखणारे. मला माहीतच नव्हतं! म्हणजे आमचं काम इथं पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे की.

"मुलं?" मी विचारलं.

"न्हाय कोण."

मी तिथे रेघ मारली. मावशी उठून आत गेल्या. विचारायला नको होतं. मूल नसलेल्या बाईला असं तोंडावर विचारतात? मूर्ख मी!

सोमवार, १७ नोव्हेंबर

आई म्हणाली, बाबांनी माझा शर्ट शिवायला घेतला होता, अर्धा ठेवलाय. मावशींना सांगितलं. म्हणाल्या, "शर्टाला बोलतोय, लेकाला न्हाय! नंबर दे, म्या झाडतो त्याला." हसून टाळलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

हेळवी आला! गुंडू हेळवी. पूर्वी बैलावरून यायचे म्हणे, हा मोटरसायकलवर. मावशींनी पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली. आम्हाला हौसेनं पुढे बसवलं.

वही उघडली पण बघितली नाही. डोळे मिटून सुरू — अर्धं कानडी, अर्धं मराठी. अकरा पिढ्या! कोण कुठल्या गावाहून उठला, कुणी विहीर पाडली, सगळं. मलकाप्पाचा बसाप्पा, बसाप्पाचा शिवलिंग, शिवलिंगाचा गुरुसिद्ध. मी भराभर लिहीत होतो. आणि तो म्हणाला, "गुरुसिद्धाची लेक शांभवी."

माझा पेन थांबला. मावशी ओरडल्या, "ते खोडाय सांगितलं हुतं तुला!"

"सांगितलं हुतं अप्पांनी. पर वहीतलं खोडायचा मला हक्क न्हाय, अक्का." मग हळूच म्हणाला, "मलकापुरात असती. दोन पोरं हाईत. नंबर लिवून ठेवतो ह्या कागदावर."

ज्वारी घेऊन गेला. मावशींनी त्या कागदाला हातही लावला नाही. मी उचलून देव्हाऱ्याजवळ ठेवला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दूध आलं नाही. आम्हीच खाली गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

एकोणीस वर्षं! पोरीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, घरी न सांगता. अप्पा म्हणाले, तिचं नाव या घरात घ्यायचं नाही. "त्यांच्या धाकानं न्हाय घेतलं. ते गेल्यावर वाटलं, आता कुठल्या तोंडानं घिऊ?"

आधी मला राग आला. दर सोमवारी माझ्या बाबांना दगड म्हणणारी हीच ना ती! मग मावशी एकदम म्हणाल्या, "लगीन केलं त्येचं न्हाय रं. मला का सांगितलं न्हाय?" आणि माझी मान खाली गेली. बाबा बोलत नाहीत म्हणून अकरा महिने गळा काढतोय. पण माझं चुकलं, असं एकदा तरी म्हटलंय मी त्यांना?

कोंडेटीला सगळं कळलं नसावं, पण तो आत जाऊन दूध तापवून आला. उतू घालवलं थोडं. मावशींना शिव्या द्यायचंही सुचलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

कागद अजून देव्हाऱ्याजवळच. मावशींनी आज आमच्या घरचा नंबर मागून घेतला. "तुज्या आईला सांगतो, पोरगं नीट जेवतंय म्हणून." दिला.

सोमवार, १ डिसेंबर

फोन बाबांनी उचलला! आवाज ओळखूच आला नाही मला. म्हटलं, "बाबा, माझं चुकलं, तुम्हाला आधी —"

"ते राहू दे. ती कोल्हापूरची म्हातारी कोण रे? काल अर्धा तास शिव्या घालत होती मला! म्हणे, मी आत्ताच एकोणीस वर्षांनी लेकीला फोन लावला, तुमचे अकरा महिने ते काय!"